दम्याच्या पंपाला सेन्सर: रोजच्या वापरात खरंच जमतं का?

कृष्णाकाठ
आईला जुना दमा आहे. वय ७१, राहणार मिरज. घरात ती आणि बाबा दोघंच, मी पुण्यात. पंप दोन आहेत: एक सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा धाप लागली तर. गेल्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री वाफ द्यायला दवाखान्यात न्यायची वेळ आली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप नियमित घेता ना आजी?" आई ठामपणे हो म्हणाली आणि बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मग डॉक्टरांनी सुचवलं की पंपाच्या डबीवर बसणारा सेन्सर मिळतो. पंप दाबला की ब्लूटूथने फोनवर नोंद होते. आईच्या फोनवरून ती नोंद मलाही इथे दिसेल.

माझे प्रश्न असे. सत्तरीच्या माणसाला हे रोज झेपतं का? आई फोनवर भजनं ऐकते आणि नातवाला व्हिडिओ कॉल करते, एवढंच. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून पंप घेतला तर सेन्सर चालतो का? तो नेमकं मोजतो काय? कंपनीच्या जाहिराती वाचून झाल्यात, मला घरात वापरलेल्यांचे अनुभव हवेत. बरेवाईट दोन्ही लिहा.

ओवी_नाशिक
माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या पंपावर सेन्सर आहे, दुसरं वर्ष चालू आहे.

चांगलं आधी सांगते. सकाळी डबा, दप्तर, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, आणि त्यात "पंप घेतलास का?" "घेतला." "कधी?" "मगाशी!" ही रोजची वादावादी संपली. ठरलेल्या वेळेला सेन्सर किणकिणतो, पंप दाबला की गप्प होतो. फोनवर हिरवी खूण येते. घरातला ताण खरोखर कमी झाला.

आता दुसरी बाजू. काही दिवसांतच चिरंजीवांनी शोध लावला की पंप हवेत दाबला तरी सेन्सर गप्प होतो. खूण हिरवी आणि औषध खोलीभर! त्याच्या आजोबांनी पाहिलं म्हणून उघड झालं. डॉक्टर त्याला रागावले नाहीत. त्यांनी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारी नळी) दिला आणि रोज फुंकून आकडा त्यानेच वहीत लिहायचा असं ठरवलं. पंप बुडवला की आकडा घसरतो हे त्याचं त्यालाच दिसलं, तेव्हापासून तो ओढतोय. सेन्सर अजून आहे, पण मी आता खुणेपेक्षा त्याच्या ओढण्याकडे बघते.

भाकरतुकडा
ओवीताई, हा मुलगा पुढे मोठा इंजिनिअर होणार!

लेस्टरची_वारी
मी इंग्लंडमध्ये श्वसनविकारांच्या विभागात नर्स आहे. ओवीताई, तुमच्या मुलाची युक्ती मोठ्या माणसांनीही केलेली आहे. अमेरिकेत फुफ्फुसांच्या एका मोठ्या अभ्यासात पंपावर वेळ नोंदवणारं यंत्र बसवलं होतं. काही रुग्णांनी, बहुतेक वेळा तपासणीला यायच्या आधी, तीन तासांच्या आत शंभराहून जास्त वेळा पंप दाबल्याचं त्यात दिसलं. डबी वापरल्यासारखी हलकी लागावी म्हणून! डॉक्टरांपुढे खजील व्हायला नको, ही भावना सगळ्या देशांत सारखीच आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या "मोजतो काय" या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. डिजिटल इन्हेलर या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. सगळ्यात जास्त दिसते ती वरून बसवायची टोपी. अमेरिकेची प्रोपेलर, न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या ॲडहेरियमची हेली, आणि भारतात ल्युपिनने २०२० मध्ये आणलेली ॲडहेरो या त्यातल्या. ही टोपी पंप दाबल्याची वेळ टिपते. तुम्ही श्वास आत ओढला की बाहेर सोडला, हे साध्या टोपीला कळत नाही.

दुसऱ्या प्रकारात सेन्सर इन्हेलरच्या पोटातच असतो. टेवा कंपनीच्या डिजीहेलरला अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. श्वास किती वेगाने ओढला तेही त्यात कळायचं. पण जून २०२४ मध्ये कंपनीने ती मालिकाच तिथे बंद केली. टोपी बंद पडली तर औषध हातात राहतं. इथे औषध आणि यंत्र एकच, त्यामुळे बदलायचं तर दोन्ही बदलावं लागतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड कॉस्टेलो यांच्या गटाने इन्का नावाचं उपकरण केलं. त्यात छोटा मायक्रोफोन आहे. पावडरच्या इन्हेलरवर (ज्यातून औषधाची पूड श्वासाने ओढून घ्यायची असते) तो बसतो आणि श्वासाचा आवाज ऐकतो. औषध भरल्यावर यंत्रातच फुंकर मारली, ओढणं कमी पडलं, अशा चुका आवाजावरून ओळखू येतात. ते मुख्यतः संशोधनात वापरलं गेलं, पण खरी दिशा तीच आहे असं मला वाटतं.

स्पेसरबद्दल: टोपी डबीच्या डोक्यावर बसते आणि स्पेसर तोंडाच्या बाजूला, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. मात्र टोपी ठरावीक आकाराच्या डबीसाठीच बनलेली असते. घ्यायच्या आधी आईंचा पंप सोबत नेऊन बसवून बघा.

पाटीलवाडा
माझा या सगळ्याला विरोध आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो.

आमचं गाव कागल तालुक्यात. वडिलांचा जन्म गुऱ्हाळावर गेला, चुलवाणाचा धूर आयुष्यभर छातीत. दम्याचं निदान झालं, दुकानातून पंप मिळाला, पण तो कसा घ्यायचा हे कुणी दाखवलं नाही. ते पंप तोंडापुढे धरून दाबायचे आणि औषध जिभेवर बसायचं. "कडू लागतं, गुण काय येत नाही," म्हणायचे. पुढे ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरने त्यांना समोर बसवून शिकवलं: पंप हलवा, पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, दाबतानाच सावकाश आत ओढा, मनात दहा मोजेपर्यंत धरा. आणि स्पेसर लावून दिला. माणूस पुन्हा शेताच्या बांधापर्यंत चालत जायला लागला.

चुकीचा घेतलेला पंप वेळेवर घेतला तरी चुकीचाच. सेन्सर त्याला हिरवी खूण देणार आणि लेकराला पुण्यात बसून वाटणार की आईचं औषध चालू आहे. या खोट्या निर्धास्तपणाची मला भीती वाटते. पैसे खर्च करायचेच तर शिकवणाऱ्या माणसावर करा.

डॉ_सातमाळा
छातीचा डॉक्टर आहे, मराठवाड्यात काम करतो. पाटीलसाहेबांचा मुद्दा रास्त आहे. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पंप बरोबर घेणारे रुग्ण तीनातले एकच निघाले, आणि इतक्या वर्षांत त्यात सुधारणा नव्हती. आमच्या ओपीडीतही मी "घेता का?" विचारत नाही, "घेऊन दाखवा" म्हणतो. पहिल्या मिनिटातच निम्मा आजार समजतो.

पण विरोध सरसकट नको. ऑकलंडला दम्यासाठी तातडीच्या विभागात आलेल्या ६ ते १५ वयाच्या २२० मुलांवर अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या पंपावर यंत्र होतं, फक्त निम्म्यांच्या यंत्राला आठवण करून देणारा आवाज होता. आवाजवाल्या गटात औषध घेण्याचं प्रमाण ८४ टक्के, बाकीच्यांत ३० टक्के. लक्षणांचा त्रासही आवाजवाल्यांत जास्त कमी झाला. विसरणं हा जिथे प्रश्न आहे तिथे हे साधन काम करतं. जिथे विसरणं हा प्रश्नच नाही, तिथे आवाज काय करणार?

मला स्वतःला सेन्सरचा उपयोग वाटतो तो दुसऱ्या, आराम देणाऱ्या पंपावर. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो लागत असेल तर दमा ताब्यात नाही असं आम्ही धरतो. वर्षाला तीन किंवा जास्त डब्या संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, बारा संपत असतील तर जिवाचा. आणि रुग्ण हे सांगत नाही, कारण त्याला वाटतं पंपाने आराम पडतोय म्हणजे बरं चाललंय. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. सूज कमी करणारा रोजचा पंप टाळून नुसत्या आरामाच्या पंपावर भागवणं हे त्यामागचं एक मोठं कारण. गिना या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्येच सांगितलं की नुसत्या आरामाच्या पंपावर दम्याचा उपचार करू नका.

कृष्णाकाठ, आईंच्या डॉक्टरांना एक विचारा. बुडेसोनाईड (सूज कमी करणारं) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं) एकत्र असलेला एकच पंप काही रुग्णांना रोजच्यासाठीही आणि धाप लागल्यावरही देता येतो. आईंना तो चालेल का, हे तेच ठरवतील. चालला तर दोन पंपांतला गोंधळ संपतो. वापराची सोय म्हणाल तर मला हीच मोठी वाटते.

निळा_डोंगर
मी ब्लूटूथवर चालणाऱ्या उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे आईंच्या फोनबद्दल बोलतो. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनमध्ये असं उपकरण शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते. बारापासून "जवळपासची उपकरणे" अशी वेगळी परवानगी आली. आपण घरच्यांना शिकवलेलं असतं की कुणी लोकेशन मागितलं तर "नको" दाबा, आणि आई तेच दाबते. मग सेन्सर जोडलाच जात नाही. पुढची पायरी बॅटरीची. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली ॲप्स परस्पर बंद करतात. सेन्सर शाबूत, फोन शाबूत, पण नोंद पोचत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करावं लागतं, आणि फोन अपडेट झाल्यावर ते पुन्हा तपासावं लागतं.

दिलासा एवढाच की चांगला सेन्सर फोन जवळ नसला तरी नोंदी स्वतःत साठवतो आणि नंतर पाठवतो. म्हणून घेताना तीन गोष्टी विचारा: साठवण किती दिवसांची, सेल बदलता येतो का, आणि ॲप मराठीत आहे का. आजीला "सिंक फेल्ड" वाचायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. हे काम करणाऱ्या आम्हा लोकांनी आधी मिरजेच्या स्वयंपाकघरात बसून बघायला पाहिजे, मग ॲपचे पडदे रंगवावेत.

कृष्णाकाठ
निळा_डोंगर, लोकेशनचं तंतोतंत! मीच आईला "नको दाब" शिकवलंय. सगळ्यांचे आभार, वाचते आहे. लेस्टरची_वारी, टोपी बसवून बघायचा सल्ला लिहून ठेवला.

दवाचा_थेंब
मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. वय २०, लहानपणापासून दमा. घरच्यांनी सेन्सर लावला आणि ॲपची नोंद बाबांच्या फोनवर. कॉलेजच्या सहलीला राजगडावर होते, वर चढताना धाप लागली, पंप घेतला, बरं वाटलं, पुढे निघाले. खाली येऊन रेंज मिळाली तर बाबांचे किती मिस्ड कॉल! काळजीपोटीच होते, पण त्यानंतर मी चारचौघांत पंप काढायला कचरायला लागले. त्रास होत असताना पंप टाळायचा, कारण घरी कळेल. हे किती धोक्याचं आहे!

शेवटी आम्ही बसून ठरवलं. नोंद माझ्या फोनवर. बाबांना आठवड्याचा एकच गोषवारा मी स्वतः पाठवते. आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागला तर त्यांना मीच फोन करते. आता सेन्सर मला माझा वाटतो. कृष्णाकाठ ताई, आईंना आधी विचारलंत का, की नोंद तुम्हाला दिसलेली त्यांना चालेल?

लेस्टरची_वारी
दवाचा_थेंब, हा प्रतिसाद मी आमच्या विभागातल्या सहकाऱ्यांना सांगणार आहे. नजर ठेवली जातेय या जाणिवेने काही रुग्ण पंप जास्त घेतात आणि काही लपवतात. दोन्ही वेळा यंत्रातला आकडा खरा असतो आणि त्यावरून काढलेला अर्थ चुकतो.

भाकरतुकडा
थोडं अवांतर. आमच्या सोलापुरातून मृग लागला की दम्यावर मासा गिळायला हैदराबादला जाणारी मंडळी ठरलेली. मामा जायचे. जिवंत मुरेल मासा, तोंडात पिवळं औषध, सरळ घशाखाली. शाकाहारी लोकांना गुळातून. तिकडे हजारोंची रांग. आणि कोजागिरीला चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर खायला आजी. दमा दोघांचाही राहिला तो राहिलाच, पण मामा आणि आजी दरवर्षी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, न चुकता जायचे! तेवढी निष्ठा रोजच्या पंपाला मिळाली असती तर?

डॉ_सातमाळा
भाकरतुकडा, अवांतर नाही हे. माशाने दमा बरा झाल्याचा पुरावा नाही आणि त्या गर्दीसाठी कुणी पंप बंद करू नये, हे आधी सांगतो. पण तिथे माणूस एकटा नसतो. नातेवाईक सोबत असतात, कुणीतरी हातात घेऊन देतं. आमच्याकडे तो चिठ्ठी घेऊन एकटा बाहेर पडतो. यातून आम्ही डॉक्टरांनी शिकायला हवं.

पाटीलवाडा
हेच म्हणतोय मी. माणूस लागतो.

केंटकीकर
माणूसही आणि यंत्रही, दोन्ही लागतात, असं मी म्हणेन. मी अमेरिकेत लुईव्हिलला राहतो. इथे शहराने हजाराहून जास्त रहिवाशांच्या पंपांवर प्रोपेलरचे सेन्सर बसवले होते, एअर लुईव्हिल नावाचा प्रकल्प. पंप कधी आणि शहरात कुठे लागला याचा नकाशा तयार झाला. तो हवामानाशी, प्रदूषणाशी, रस्त्यांशी ताडून पाहिला. झाडं कुठे लावावीत, अवजड ट्रक कुठून जावेत, याच्या शिफारशी त्यातून निघाल्या. एकेका रुग्णाला जे "आज जरा जास्तच धाप लागली" एवढंच वाटतं, ते शेकडो लोकांचं एकत्र आलं की वस्तीचा दोष दिसतो.

कल्पना करा, हेच चंद्रपूरला झालं तर? किंवा मुंबईत माहुल, गोवंडीला? ऊस पेटवतात त्या आठवड्यात कोल्हापूर-सांगली पट्ट्यात? प्रदूषणाचे आकडे हवेत राहतात, पंप मोजले तर ते आकडे माणसांच्या छातीतले असतील. नगरपालिकेला उत्तर द्यावं लागेल.

निळा_डोंगर
केंटकीकर, कल्पना फार मोलाची आहे, पण कोण कुठे कधी आजारी पडलं ही नोंद फार नाजूक. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची अट घालतो. संमती मराठीत, समजेल अशी, आणि मागे घेता येईल अशी हवी. विमा कंपनीच्या हाती ही माहिती गेली तर काय, हा प्रश्न सेन्सर घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावा.

मेडिकलवाला_लातूर
औषध दुकान चालवतो. काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते लिहितो.

चिठ्ठीवर दोन पंप असतात. गिऱ्हाईक विचारतं, "यातला लगेच आराम देणारा कोणता? तेवढाच द्या." रोजचा पंप महाग असतो आणि लगेच काही वाटत नाही, म्हणून तो मागे राहतो. दुसरी भीती, "स्टेरॉईड आहे, सवय लागेल." मी सांगतो की पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीपेक्षा कितीतरी कमी, आणि तो थेट फुफ्फुसात जातो. घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही.

सेन्सरच्या आधी एक फुकटची गोष्ट बघा. बऱ्याच पंपांच्या मागे डोस मोजणारी खिडकी असते. रोज चार पफ (म्हणजे चार वेळा दाबणं) आणि १२० ची डबी, म्हणजे तीस दिवस. आज किती उरले तो आकडा, दुधाचा हिशेब लिहितो तसा, दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला अठ्ठावीसने उतरला पाहिजे. खिडकी नसेल तर डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. पाण्यात डबी तरंगवून औषध उरलंय का बघतात, ते करू नका. त्यातून काही खरं कळत नाही.

ओवी_नाशिक
कॅलेंडरची कल्पना उत्तम. पण मुलाच्या बाबतीत मी सेन्सर सोडणार नाही. आम्ही दोघं नोकरीला जातो, संध्याकाळचा पंप तो पाळणाघरात घेतो. मोजणारी खिडकी मला रात्री कळवते, सेन्सर सहा वाजताच कळवतो.

टेकडीवरचा
कुणाला ऐकायला आवडेल म्हणून. आज आपण वापरतो तो दाबायचा पंप १९५६ मध्ये अमेरिकेत रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेचा, रबरी फुग्याचा फवारा ती वापरायची. केसांवर मारतात तसा स्प्रे दम्याच्या औषधाचा का नाही, असं तिने वडिलांना विचारलं आणि तिथून काम सुरू झालं. सोय काय असते हे आजारी मुलीने सांगितलं. निळा_डोंगर म्हणतात ते मिरजेचं स्वयंपाकघर मला म्हणूनच पटलं.

कृष्णाकाठ
आज मिरजेहून परतले, सविस्तर लिहिते.

आधी आईला विचारलं (दवाचा_थेंब, तुझ्यामुळे). म्हणाली, "तुला दिसलं तर चालेल, पण रोज फोन करून बोलायचं नाही." मग दवाखान्यात दाखवायला ठेवलेला सेन्सर तिच्या पंपावर बसवून पाहिला. बसला व्यवस्थित, पण डबीची उंची वाढली. आईच्या बोटांत संधिवात आहे. अंगठा खाली, बोट वर, अशी पकड तिला पुरेना, दाब अर्धाच बसायचा. दोन्ही हातांनी दाबलं तर स्पेसर कोण धरणार? तिथल्या सिस्टरनी बाबांना बोलावलं. आता बाबा दाबतात, आई ओढते. सिस्टरनी दोघांकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. बाबांना इतकं लक्षपूर्वक काही शिकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग आईने जे सांगितलं ते सेन्सरला कधीच कळलं नसतं. ती पंप विसरत नव्हती. महिन्याची डबी दीड महिना पुरवत होती. "तुमच्यावर किती खर्च टाकायचा," म्हणाली. संध्याकाळचा पफ ती बरेचदा मुद्दाम गाळत होती. मला तिथेच रडू आलं. डॉक्टरांनी लगेच स्वस्त पर्याय लिहून दिला. एका पंपावर भागेल का ते पुढच्या तपासणीला बघू म्हणाले.

तर सेन्सर सध्या घेतला नाही. पंपाच्या मागे खिडकी आहे, बाबा रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहून मला फोटो पाठवणार. माझ्या धाकट्या भावालाही दमा आहे, वय ३४, फिरतीची नोकरी, खरोखर विसरतो. त्याच्यासाठी मात्र सेन्सर बघते आहे.

पाटीलवाडा
ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. घरोघरी हेच आहे, औषध पुरवून पुरवून घेतात आणि सांगत नाहीत. भावासाठी सेन्सर घ्या, त्याला माझा विरोध नाही.

मेडिकलवाला_लातूर
स्वस्त पर्यायासाठी जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. मात्र पंपाचा प्रकार परस्पर बदलू नका. दाबायच्या पंपाला सावकाश ओढायचं असतं, पावडरच्याला जोरात आणि खोल. प्रकार बदलला की पुन्हा शिकायला लागतं.

डॉ_सातमाळा
+१. आणि कृष्णाकाठ, बाबांना सांगा की दोन पफ एकदम दाबू नयेत. एक पफ, तो पूर्ण ओढून झाला की साधारण अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा. स्पेसर परवडत नसेल अशांसाठी, केपटाऊनमध्ये अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून पंप घट्ट बसवलेला स्पेसर मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकाच चालल्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. बनवायचा तर दवाखान्यात दाखवून घ्या.

दवाचा_थेंब
भावाच्या सेन्सरचं ठरलं की इथे लिहा ना ताई. कोणत्या पंपावर कोणता बसतो याची यादी आपण याच धाग्यावर करू.

कृष्णाकाठ
नक्की लिहिते. एक राहिलं, पंप धुवायचा असतो का? बाबा विचारत होते, आणि सेन्सर असेल तर तो भिजला तर?

लेस्टरची_वारी
दाबायचा पंप बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा धुवायला सांगतात, पण आईंच्या पंपासोबत आलेला कागद आधी वाचा. सेन्सर आधी काढून बाजूला कोरड्या जागी ठेवायचा. आतली धातूची डबी काढायची, ती धुवायची नाही. फक्त प्लास्टिकचं आवरण कोमट पाण्याच्या धारेखाली धरायचं, झटकायचं, रात्रभर वाळू द्यायचं. मागे मोजणारी खिडकी असेल तर काही पंपांत डबी आवरणातून काढायचीच नसते, नुसतं तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता वाळवायचा. पुसला तर आत औषध चिकटून बसतं.